समुद्राची विश्रांति : मन्नारच्या आखातांतील मोत्यांच्या मळ्यांचा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार आठवीत असतां, 'जुबिली' या शब्दाच्या मूळ अर्थाकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें मनांत आलें. आज आपण हा शब्द उत्सव या अर्थानें वापरतों. परंतु जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत योबेल वर्षाचा जो नियम दिला आहे, तो केवळ उत्सवाचा नाहीं. सहा वर्षें शेत पेरावें व सातव्या वर्षीं जमिनीस विसावा द्यावा. अशीं सात सप्तकें लोटलीं म्हणजे पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं ज्याची वडिलार्जित जमीन त्यास परत मिळावी, आणि जो दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या चाकरींत अडकला असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, असा त्या आज्ञेचा आशय आहे. म्हणजे तिचीं अंगें दोन : एक, भूमीला विश्रांति, दुसरें, कष्टकऱ्याला मुक्ति. एक पाळून दुसरें टाळलें तर ती जुबिली अर्धीच होय.

शेत पडीक ठेवणें ही गोष्ट आपणां शेतकऱ्यांच्या व बागाईतदारांच्या मुलांस सहज समजते. पण समुद्राचें काय? समुद्राला बांध नाहीं, कुंपण नाहीं, त्याचा सातबाराही कोणाच्या नांवें नाहीं. तेव्हां ज्याच्या हातीं जेवढें लागेल तेवढें त्यानें न्यावें, असाच तेथील व्यवहार असणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. आपल्याच देशाच्या दक्षिण टोंकाजवळ समुद्रतळाच्या शिंपल्यांसाठीं पाहणी, परवाने, बंदी व वांटणी यांचे नियम शतकानुशतकें चालत आले. आणि त्या शिंपल्यांसाठीं बुडी मारणाऱ्यांत आपल्या धर्मबंधूंचा मोठा भरणा होता. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

भारताचा आग्नेय किनारा आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, यांच्यामध्यें मन्नारचें आखात आहे. त्याच्या पश्चिम कांठीं तुतिकोरीन बंदर. पूर्व कांठीं मन्नार बेट व त्याच्या दक्षिणेस अरिप्पू, मरिच्चुक्कडी वगैरे ठिकाणें. दोन्ही कांठांपासून कांहीं मैल आंत, साधारणतः पांच ते दहा वांव पाण्याखालीं, खडकाळ उंचवटे आहेत. तमिळ लोक त्यांस 'पार' म्हणतात. या पारांवर मोत्याचे शिंपले बळकट धाग्यांनीं खडकाला धरून राहतात. शिंपल्याचें पिल्लूं प्रथम कांहीं आठवडे इतकें सूक्ष्म असतें कीं तें प्रवाह नेईल तिकडे वाहत जातें. खालीं बसतांना कठीण तळ मिळाला तर तें जगतें. नुसती वाळू मिळाली तर मरतें. जगलें तरी मासे त्याला खातात, वादळ त्याला गाडून टाकतें. या सर्वांतून जो शिंपला वांचतो, त्याच्यांतील मोती चौथ्या वर्षाच्या सुमारास विकण्याजोगा होऊं लागतो. आणि सहा-सात वर्षांत तो शिंपला आपोआपच मरतो व त्याचा मोतीही वाळूला मिळतो. घाई केली तर पीक कोंवळें, आळस केला तर पीक गेलें, अशी ही विलक्षण शेती आहे. नियमांची गरज येथूनच उत्पन्न झाली.

आतां ही कापणी कशी होत असे तें पाहूं. पाणबुड्या एका जड दगडाच्या दोरींत पाय अडकवून त्याच्या भारानें झपाट्यानें तळाशीं जाई. दगड सोडून देऊन हाताला येतील तितके शिंपले तो जाळीच्या झोळींत भरी, आणि सुमारें एका मिनिटानें दोरीला हिसका देई. वर होडींत बसलेला त्याचा सोबती त्याला ओढून घेई. हा सोबती बहुधा नात्यांतला किंवा अत्यंत विश्वासाचा असे, कारण बुडणाऱ्याचा प्राण त्याच्या हातीं असे. एका दगडावर दोन पाणबुडे पाळीपाळीनें बुडत. या दगडाला पुढें कायद्यांतही स्थान मिळालें, कारण होड्या व माणसें मोजण्यापेक्षां दगड मोजणें सोपें! किती दगडांना परवानगी द्यावयाची, एका दगडामागें कर किती, कोणत्या राजाचे किती दगड करमुक्त, असाच हिशेब त्या किनाऱ्यावर चाले. मदुरेचे नायक व रामनाडचे सेतुपति यांचे असे मानाचे दगड असत. परवाना म्हणजे कागद ही आपली कल्पना. तेथें परवाना म्हणजे दगड होता.

या किनाऱ्यावरील मुख्य पाणबुडी जाति परवरांची. सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत मोत्यांच्या धंद्यावरील हक्कावरून त्यांचा व तेथील मुसलमान दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा प्राणांतिक झगडा जुंपला होता. परवरांच्या मुखंडांनीं कोचीनला जाऊन पोर्तुगीजांचें साह्य मागितलें, आणि १५३५ ते १५३७ या काळांत त्या सबंध जातीनें बाप्तिस्मा घेतला. आपल्या वाचकांस हा काळ ओळखीचा वाटेल; कारण १५३४ च्या अखेरीस गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. दोन किनाऱ्यांवर ख्रिस्ती धर्माचा विस्तार अशा रीतीनें एकाच काळांत झाला.

परंतु बाप्तिस्मा मिळाला तरी शिकवण मिळाली नव्हती. ती देण्यासाठीं संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं त्या किनाऱ्यावर गेले. मे महिन्यांत गोव्यास उतरलेला हा धर्मवीर त्याच वर्षीं तेथें पोंचला, तमिळ भाषेंत प्रार्थना तयार करवून त्यानें त्या पाठ केल्या, आणि हातांत घंटा घेऊन गांवोगांवच्या मुलांना गोळा केलें. हें सर्व आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जें आपण फारसें ऐकत नाहीं तें असें कीं, संत झेवियर यांच्या पत्रांत त्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज कप्तानाच्या लोभाविरुद्ध व जुलुमाविरुद्ध अत्यंत कडक शब्द आहेत. परवरांनीं संरक्षण मागितलें होतें. परंतु संरक्षण देणारे हातच त्यांच्या मोत्यांवर व श्रमांवर पडूं लागले. संत झेवियर यांनीं तें झांकून ठेवलें नाहीं. आपल्या लोकांचा अपराध आपल्या लोकांच्या राजापर्यंत नेण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. जुबिलीच्या स्मरणग्रंथांत केवळ गौरवाच्या गोष्टी लिहाव्या असा प्रघात आहे खरा. पण संतांची थोरवी अशाच ठिकाणीं दिसते.

१६५८ सालीं तुतिकोरीन व मन्नार हीं दोन्ही ठिकाणें डचांनीं जिंकलीं. कॅथोलिक धर्मगुरूंना हांकून देण्यांत आलें आणि परवरांना आपल्या पंथांत ओढण्याचा प्रयत्न झाला. डच धर्मोपदेशक बाल्डेयस हे स्वतः त्या कामीं खटपट करून थकले, पण परवर ढळले नाहींत. डच कंपनीलाही फार ताणतां येईना. कारण पाणबुड्यांवांचून मोती नाहींत! त्याच डच अमलांत १७१३ सालीं तुतिकोरीनला हिमाच्या मातेचें आजचें मंदिर उभें राहिलें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परवरांचा वंशपरंपरागत मुख्य, ज्यास 'जाति तलैवन' म्हणत, त्याच्या मार्फत कंपनी पाणबुड्यांशीं व्यवहार करी, आणि मासेमारीच्या मोसमांत त्याचा मान व हक्काचा वांटा ठरलेला असे. जातीचा कारभार जातीच्या हातीं, मळ्यांचा कारभार सरकारच्या हातीं, अशी ही व्यवस्था होती.

१७९६ सालीं सिलोनचा किनारा इंग्रजांकडे आला. कित्येक वर्षें न कापलेले मळे त्यांना आयतेच भरलेले मिळाले. त्यांनीं १७९६, १७९७ व १७९८ अशीं लागोपाठ तीन वर्षें मक्तेदारांच्या हातून भरघोस कापणी करविली आणि खजिन्यांत अपार पैसा आला. त्यानंतर मात्र त्या उत्पन्नाला ओहोटी लागली. मक्तेदारानें सरकारला रक्कम आगाऊ कबूल केलेली; तेव्हां त्याचें लक्ष पुढील पिढीच्या शिंपल्यांकडे कसें राहावें? या अनुभवानें सरकारला जें शिकविलें, त्यांतून एकोणिसाव्या शतकांतील पद्धति हळूहळू तयार झाली. ती लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे.

प्रथम पाहणी. मळ्यांवर एक अधिकारी नेमलेला असे. तो जाणत्या पाणबुड्यांना घेऊन पारांवर ठिकठिकाणीं बुड्या मारवी आणि शिंपल्यांची दाटी व वय यांचा अंदाज बांधी. दुसरें, नमुना. पुरेसे वाढलेले शिंपले आढळले तर त्यांतले कांहीं हजार वर काढून, कुजवून व धुवून, त्यांतील मोत्यांची किंमत जाणकारांकडून ठरविली जाई. हजार शिंपल्यांमागें येणारी किंमत पुरेशी असेल तरच मासेमारीचा जाहीरनामा निघे. नाहींतर मळे आणखी राखले जात. तिसरें, परवाना. किती होड्या सोडावयाच्या व त्यांनीं कोणत्या पारावर किती दिवस काम करावयाचें, हें अगोदर ठरे. नेमलेल्या जागेच्या बाहेर दगड टाकण्यास मनाई असे, आणि इशारा झाला कीं काम बंद. चौथें, वांटणी. होड्या परत आल्या म्हणजे सर्व शिंपले सरकारी आवारांत उतरवावे लागत. तेथें पाणबुड्यांनीं स्वतः आपल्या मालाचे तीन ढीग करावयाचे, आणि त्यांपैकीं कोणता ढीग पाणबुड्यांचा तें सरकारी माणसानें दाखवावयाचें. ढीग करणारा एक व निवडणारा दुसरा असल्यामुळें लहान-मोठे ढीग करण्यांत कोणाचाच फायदा नसे. उरलेले दोन ढीग सरकारचे. त्यांचा हजारांच्या हिशेबानें लिलाव होई.

ही व्यवस्था बुद्धीची खरी. तिच्यांत समुद्राला विश्रांति होती. सिलोनमध्यें १८३७ नंतर १८५५ पर्यंत मासेमारी झालीच नाहीं; १८९१ नंतर ती थेट १९०३ मध्यें झाली. इतकीं वर्षें सरकारनें दरसाल पाहणी करून, मळे ओसाड पाहून, हात आंखडून वाट पाहावी, ही लहान गोष्ट नव्हे. पण जुबिलीच्या दुसऱ्या अंगाचें काय? तीन ढिगांपैकीं दोन खजिन्याचे आणि एक त्याचा, ज्याच्या नाकाकानांतून रक्त येई, ज्याला शार्क माशाचें भय, आणि ज्याच्या छावणींत पटकीची साथ शिरली म्हणजे मोसमच मोडे. शिवाय तो एक ढीगही पाणबुडे, होडीचे खलाशी व मालक यांच्यांत वांटला जाई. आणि ज्या वर्षीं मळे राखले जात त्या वर्षीं शिंपला विसावा घेई. पाणबुड्याचें पोट मात्र विसावा घेत नसे. तो शंखांच्या मागें जाई, मासळी धरी, नाहींतर सावकाराच्या दारीं जाई. नियम करणाऱ्यांनीं शिंपल्याचें वय मोजलें. पाणबुड्याच्या उपाशी दिवसांची मोजदाद त्यांत नव्हती.

शंखांचेंही असेंच होतें. बंगालमधील सौभाग्यवती स्त्रिया ज्या पांढऱ्या बांगड्या घालतात त्या याच आखातांतील शंखांच्या, म्हणून त्यांना सदां मागणी. मद्रास सरकारनें त्यांचाही मक्ता आपल्याकडे ठेविला. ठरलेल्या मापापेक्षां लहान शंख जिवंत असतांनाच पुन्हां समुद्रांत सोडावा, असा नियम झाला. अनुवादाच्या ग्रंथांत पिल्लें घेतांना आई पक्षिणीस सोडून द्यावें अशी जी आज्ञा आहे तिची येथें आठवण होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रास हायकोर्टानें एका प्रसिद्ध खटल्यांत असाही निकाल दिला कीं, राखलेल्या जागेंतून परवान्यावांचून शंख काढणें ही चोरीच होय. समुद्रतळाची वस्तु कोणाच्या तरी मालकीची असूं शकते, हें तत्त्व अशा रीतीनें मुक्रर झालें. व्हॅटेल या कायदेपंडितानें १७५८ सालच्या आपल्या ग्रंथांत बहरीन व सिलोन येथील मोत्यांच्या मळ्यांचाच दाखला देऊन तें मांडलें होतें. मालकी ठरली, पण मालकीबरोबर येणारें कर्तव्य कोणाचें, हा प्रश्न कोर्टापुढें नव्हता.

पुढें शास्त्राचा काळ आला. १९०२ सालीं प्राध्यापक हर्डमन यांना सिलोन सरकारनें इंग्लंडाहून बोलावलें, आणि त्यांनीं जेम्स हॉर्नेल यांच्यासह मळ्यांचा कसून अभ्यास केला. १९०३ पासून मळे फळले. १९०५ च्या एकाच मोसमांत आठ कोटींहून अधिक शिंपले निघाले आणि सरकारला सुमारें पंचवीस लक्ष रुपये मिळाले. इतकें उत्पन्न पाहून कोणाचेही डोळे दिपावेत! १९०६ सालीं सरकारनें हे मळे वीस वर्षांच्या करारानें, दरसाल तीन लक्ष दहा हजार रुपये भाड्यानें, एका लंडनच्या कंपनीस दिले. १९०७ सालीं मासेमारी झाली, आणि त्यानंतर मळे रिकामे पडले. कंपनी थोड्याच वर्षांत बुडाली. सिलोनमध्यें पुन्हां मासेमारी होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

या ओसाडीचें सगळें खापर त्या कंपनीवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. तिच्या आधीं सरकारनेंच लागोपाठ वर्षें कापणी केली होती. शिवाय प्रवाह, वाळू व शिंपले खाणारे मासे यांच्यावर कोणाचाही हुकूम चालत नाहीं. शहाण्यांतल्या शहाण्या नियमालाही समुद्र बांधला जात नाहीं, हें येथें नम्रपणें मानलें पाहिजे. परंतु एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. ज्या पिकाला केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं, त्यावर दरसालचें ठराविक भाडें लावणें म्हणजे सातव्या वर्षाची विश्रांति करारांतूनच खोडून टाकणें होय. शेत पिको न पिको, खंड द्यावाच लागतो, तेव्हां कूळ जमिनीचें काय करतें, हें आपल्या आजोबांच्या पिढीनें चांगलें पाहिलें होतें.

स्वातंत्र्यानंतर तुतिकोरीनकडील मळ्यांवर १९५५ ते १९६१ या काळांत मासेमारी झाली. सिलोनमध्यें ती १९५८ सालीं झाली. ती शेवटचीच ठरली. १९७३ सालीं तुतिकोरीन येथें केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं शिंपल्यांत कृत्रिम रीतीनें मोती वाढवून दाखविले, आणि १९८१ सालीं शिंपल्यांचें बीज टांकीमध्यें तयार केलें. १९८६ सालीं तेथील बेटें व भोंवतालचें पाणी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्यांत आलें. पण पाणबुड्यांच्या होड्यांचे ते तांडे, ते तीन ढीग आणि ती दगडांची मोजणी आतां इतिहासजमा झाली आहे.

तर मग या इतिहासाचा शेवट निराशेंतच करावयाचा काय? नाहीं. तुतिकोरीनहून कन्याकुमारीला वळसा घालून पश्चिमेस गेलें कीं कोल्लम लागतें. त्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरही संत झेवियर यांनीं १५४४ सालीं हजारों कोळ्यांना बाप्तिस्मा दिला; आणि फादर हेन्रीक हेन्रीकेस यांचें तमिळ धर्मशिक्षणाचें पुस्तक १५७८ सालीं तेथेंच छापलें गेलें. त्या कोल्लमजवळ अष्टमुडी नांवाचें खाडीसरोवर आहे. त्यांत आपण ज्यांना तिसऱ्या म्हणतों तशा शिंपल्या विपुल मिळतात. १९८० नंतर त्यांचें मांस परदेशीं जाऊं लागलें, काढणारे हात वाढले, आणि १९९० नंतरच्या थोड्याच वर्षांत पीक घटलें. तेव्हां शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानें नियम झाले : शिंपल्या अंडीं घालतात ते डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने काढणी बंद, जाळ्याची भोंकें तीस मिलिमीटरांची, म्हणजे बारीक शिंपली खालीं गळून पडावी, आणि निर्यातीच्या मालांत एका किलो मांसांत चौदाशेंहून अधिक नग नसावे, म्हणजे कोंवळ्या मालाला गिऱ्हाइकच नसावें. पीक पुन्हां सुधारलें. पुढें या कारभारासाठीं जें मंडळ झालें त्यांत अधिकारी, शास्त्रज्ञ व व्यापारी यांच्याबरोबर शिंपल्या काढणारे कोळीही बसले. २०१४ सालीं या मासेमारीस जबाबदार कारभाराचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालें, आणि तें मिळविणारी ही भारतांतील पहिलीच मासेमारी होय.

मन्नारचा व अष्टमुडीचा फरक येथेंच आहे. एके ठिकाणीं नियम वरून आला व पाणबुड्यानें तो पाळला; दुसऱ्या ठिकाणीं पाण्यांत उतरणारा माणूस नियम करणाऱ्यांच्या पंक्तीला बसला. जो महिना बंद राखावयाचा तो कोणाच्या घरच्या चुलीवर बंद होतो, हें सांगण्याचा हक्क त्याला मिळाला. समुद्राच्या विश्रांतीला कष्टकऱ्याच्या न्यायाची जोड मिळाली म्हणजेच जुबिलीचीं दोन्ही अंगें एकत्र येतात.

आपल्या कोंकण किनाऱ्यावरही पावसाळ्यांत मासेमारी बंद असते; १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाप्रमाणें होड्यांना परवाने लागतात. पण ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखलांत उभी राहून तिसऱ्या वेंचणारी, खडकावरचीं कालवें कोयतीनें फोडणारी आपली मायबहीण कोणत्या यादींत आहे? खाडींत भराव पडतो, सांडपाणी सुटतें, तेव्हां तिला कोण विचारतो? आणि आपणही बाजारांत गेलों म्हणजे नखाएवढ्या कोंवळ्या तिसऱ्यांचा वांटा स्वस्त मिळाला म्हणून आनंदानें घेतों कीं नाहीं?

वाचकहो, मोलवान मोत्याचा दृष्टांत आपल्या प्रभूनें सांगितला, तेव्हां त्या व्यापाऱ्यानें मोत्यासाठीं आपलें सर्वस्व विकलें, असें त्यानें म्हटलें. मन्नारच्या पाणबुड्यानें त्याहून अधिक दिलें, त्यानें आपला श्वास दिला. त्याच्या ढिगाची आठवण ठेवून या जुबिलीच्या वर्षीं आपण एवढें तरी करूं या : लहान शिंपली खाडींत परत सोडूं या, तिच्या विणीच्या दिवसांत हात आंखडूं या, आणि पंचायतींत असो वा पॅरिश सभेंत असो, खाडीविषयीं निर्णय होत असतां चिखलांत उतरणाऱ्या त्या माउलीला बोलावून प्रथम तिचें म्हणणें ऐकूं या. असें झालें तर आपली जुबिली पताका व रोषणाई यांबरोबर संपणार नाहीं. ती खाडीपर्यंत पोंचेल. देव आपणां सर्वांस तशी सुबुद्धि देवो.